मारिंबा अर्ध्यात थांबला तेव्हा

दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर आवाज गेला, आणि नीनेतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नदीकाठच्या मैदानावर शहरात येऊन वसलेल्या लॅटिन अमेरिकी मंडळींचा वार्षिक उत्सव भरला होता. मंचावर तिचे वडील लासारो आणि त्यांचे तीन सोबती मारिंबा वाजवत होते. वर्षभर कोंबड्यांच्या कारखान्यात राबणारा हा माणूस ग्वातेमालाहून आणलेल्या त्या लांबलचक लाकडी वाद्यासमोर उभा राहिला की दहा वर्षांनी तरुण दिसायचा. त्यांना चाळीस मिनिटं कबूल केली होती. दहाव्या मिनिटाला माइक बंद झाले आणि निवेदक मोटारीच्या सोडतीबद्दल बोलायला लागला. पपांच्या हातातल्या काठ्या तशाच हवेत राहिल्या.

नीनेत तरातरा साउंडवाल्याच्या तंबूत शिरली. कानांना हेडफोन लावलेला एक सावळा तरुण तिथे बसला होता. बाहेर भुरभुर चालू होती. त्याच्या कुरळ्या केसांवर बारीक थेंब अडकले होते. ते आपल्याला दिसले याचाही तिला राग आला.

"आवाज तुम्ही बंद केलात?"

"हो... पण मला वरून सांगितलं—"

"वरून म्हणजे? आकाशवाणी झाली? बटणावर बोट कुणाचं होतं?"

त्याने खरंच आपल्या बोटाकडे पाहिलं. "माझंच."

असा सरळ कबुलीजबाब तिला अपेक्षित नव्हता. भांडायला आलेल्या माणसाची ही शुद्ध फसवणूक होती. मग त्याने सांगितलं की सोडतीची मोटार देणारे पाहुणे घाईत होते, म्हणून समितीच्या ग्रिसेल्दाबाईंनी कार्यक्रम कापायला लावला. त्याचं नाव ओस्मिन. होंडुरासचा. दोन दिवसांपुरता या कामावर आला होता.

"म्हणजे आमच्या ग्वातेमालाचा शेजारीच की," नीनेत म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "शेजाऱ्यानेच गळा दाबलास. ते बघ, माझे पपा वाद्य पुसतायत. कुणावर ओरडणारसुद्धा नाहीत. घरी जाऊन म्हणतील, छान झालं."

ओस्मिनने मंचाकडे पाहिलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"एक विचारू? मारिंबाला... माइक लागतो कुठे?"

त्याने खाण्याच्या स्टॉलांकडे बोट दाखवलं.

तो आधी लासारोंकडे गेला. त्याने माफी मागितली. काय बोलला ते नीनेतला ऐकू आलं नाही, पण पपांनी त्याच्या खांद्यावर थोपटलेलं दिसलं. इतक्या लवकर माफ करायची काय गरज होती, असं तिला वाटलं. पुढच्याच मिनिटाला मारिंबाचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

"सांभाळून. याचे पाय मोडले तर तुझे मोडीन."

"आधी गाणं होऊ दे," तो म्हणाला, "नाचायला लागतील."

हसू आलंच. तिने मान वळवून ते नदीकडे सोडून दिलं.

खाण्याच्या स्टॉलांमधल्या मोठ्या झाडाखाली त्यांनी वाद्य मांडलं. अर्ध्यात तुटलेलं गाणं पपांनी पहिल्यापासून घेतलं. ताटं हातात घेऊनच माणसं जमली. आज्या पावसातच फेर धरू लागल्या. तिकडे मंचावर सोडतीतल्या मोटारीचा नंबर पुकारला गेला आणि घ्यायला कुणीच गेलं नाही. ओस्मिनने हात पुढे केला. आपला राग अजून गेलेला नाही, हे नीनेतने त्याला बजावून सांगितलं आणि नाचायला गेली.

तिसरं गाणं चालू असताना ग्रिसेल्दाबाई आल्या. मुलगा जागा सोडून गेलाच कसा, आता पुढच्या वर्षी त्याला मैदानात पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. ओस्मिन मान खाली घालून ऐकत होता. नीनेतला ते मुळीच सहन झालं नाही.

"थांबा, बाई. उत्सव कुणाचा आहे? मोटारींचा की आमचा? तुम्ही माझ्या वडिलांना भर कार्यक्रमात गप्प केलंत, आणि आता चुकीची भरपाई करणाऱ्यालाच हाकलताय? याला कुणी काही बोलायचं नाही. माझा माणूस आहे हा."

काठ्या थांबल्या. आज्या थांबल्या. ग्रिसेल्दाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो ते नीनेतच्या कानांपर्यंत सगळ्यांत शेवटी पोचलं, आणि कान लालबुंद झाले.

ओस्मिनने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"तासाभरापासून," ती तितक्याच रागाने म्हणाली. "का, काही हरकत आहे?"

त्याने मान हलवली. नाही... मुळीच नाही. आणि लासारोंनी लेकीकडे न बघता, हसू दाबत, चौथं गाणं सुरू केलं. संथ लयीचं.