घरफलकाचं कुलूप

घरफलकाला कुलूप पडलं त्या दिवसापासून आक्काताईच्या घरातला तांबडा दिवा लागायचा बंद झाला.

घरफलक म्हणजे भिंतीवरची पातळ काच. गॅस, पाणी, दार आणि माणसांच्या मनगटातलं नाडी मोजणारं कडं, या सगळ्यांवर ती लक्ष ठेवायची. इचलकरंजीच्या जुन्या कामगार वसाहतीत ती घरोघर होती. आक्काताईने आपल्या फलकाची मांडणी स्वतः बदलली होती. काही बिघडलं की आवाजाबरोबर सगळ्या खोल्यांतले दिवे तांबडे होऊन लुकलुकायचे. तिचा नवरा बाळगोंडा मगदूम चाळीस वर्षं यंत्रमागावर होता. त्या खडखडाटात त्याचे कान गेले होते.

पण तसं कुणी म्हणत नसे. मागावाले ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलायचे. सगळेच तसे, मग बहिरं कोण?

आता वसाहतीच्या प्रशासनाने सगळ्या फलकांची मांडणी एकसारखी करून तिला कुलूप घातलं होतं, म्हणजे ती कुणाला बदलता येणार नव्हती. प्रत्येक घरातली काच वेगळी असल्याने मदतपथकाचा वेळ जायचा. कारण खरं होतं. यापुढे इशारा फक्त आवाजात मिळणार होता. ज्याला अडचण असेल त्याने अर्जात लिहायचं होतं. 'कमी ऐकू येतं का?' या प्रश्नापुढे बाळगोंडाने 'नाही' लिहिलं.

"लिहायचं की बहिरा म्हणून," आक्काताई म्हणाली. "आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तुमच्याशिवाय."

तिने त्याला कार्यालयात पिटाळलं. प्रशासक तरन्नुम मुल्लाणीने विचारलं, दिवा कशासाठी पाहिजे? ओठांवरून त्याला प्रश्न कळला. मागे ओळखीचे दोन मागावाले उभे होते. तो म्हणाला, दिवा बरा दिसतो. आवडीसाठी कुलूप उघडता येत नाही, असं तिने सांगितलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, अर्ज दिलाय, होईल.

कुलूप पडल्यापासून नवव्या दिवशी सकाळी तो बाहेरच्या सोप्यात शेंगा फोडत बसला होता. आत आक्काताईची नाडी अडखळली. फलकाने विचारलं, पथक बोलवू का? उत्तर आलं नाही. फलकाने पुन्हा विचारलं. अकरा मिनिटं तो विचारत राहिला, मग नियमाप्रमाणे त्याने स्वतःच पथक बोलावलं. माणसं धावत आत शिरली तेव्हा बाळगोंडाची ताटली शेंगदाण्यांनी भरत आली होती.

आक्काताई गेली त्याला आठवडा झाला तेव्हा तरन्नुम घरी आली. फलकावरची नोंद तिने वाचली होती. ती त्याच्या समोर बसली आणि सावकाश बोलली.

"मामा, तुमचा अर्ज लिहून घेते आणि दिवा आज चालू करते."

"मला आता कशाला?" तो म्हणाला. मग त्याने विचारलं, वसाहतीत मागावाले किती आहेत?

तिने हातातल्या यंत्रावर पाहिलं. दोनशे सहा. त्यातल्या किती जणांनी अडचण लिहिली? एकानेही नाही.

"सगळ्यांचं कुलूप उघड."

तसं करता येत नाही, ती म्हणाली. ज्याचा त्यालाच अर्ज द्यावा लागतो. पण ती स्वतः घरोघर जाऊन परत विचारणार होती.

"विचारशील, आणि ते नाहीच म्हणतील," बाळगोंडा म्हणाला. "मला तर बायकोने ढकलून पाठवलं होतं. तरी मी तुझ्यासमोर खरं बोललो का?"