ओडेसाबाईंचं घर

"संग्राम माझ्या पाहण्यातला आहे, उगाच ऐकीव सांगत नाही," अतुलकाका म्हणाले. बेलव्ह्यूला त्यांच्याकडे जेवणं आटोपली होती आणि मुलं बेसमेंटमध्ये पांघरुणं घेऊन बसली होती. "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

दोन हजार चोवीसचा नोव्हेंबर. चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे सहाच वाजले होते, पण मिट्ट काळोख आणि पाऊस. संग्राम रेडमंडहून भाड्याने द्यायच्या आपल्या दुसऱ्या घराचं कुलूप बदलायला निघाला होता. सहा वर्षांची केया मागच्या सीटवर. तिची आई राधिका ऑफिसात अडकली होती, म्हणून फोनवर.

"त्या नर्सबाईंनी घर भाड्याने मागितलं होतं, त्याचं काय झालं रे? पेपर्स तर छान होते."

"सांगितलं, घर गेलं म्हणून. ब्लॅक फॅमिली आहे यार. आपल्यातलं कुणी बघू."

"खोटं बोललास?"

"बाबा, व्हाय डिड यू लाय?" मागून केया.

संग्रामने फोन ठेवला.

त्या घराच्या गल्लीत राहायला आलेलं पहिलं ब्लॅक कुटुंब याच घरातलं. ओडेसाबाई, नवरा, तीन लेकरं. साठ-पासष्ट वर्षं झाली. शेजाऱ्यांनी रात्ररात्र दगड मारले, बाटल्या पेटवून फेकल्या. नवऱ्याचा एक डोळा गेला. बाई हलल्या नाहीत. कोर्टात लढल्या, जिंकल्या, त्याच घरात म्हाताऱ्या होऊन वारल्या. संग्रामला घर घेतानाच हे सगळं कळलं होतं.

तर तो कुलपाचा स्क्रू फिरवत होता. केया त्याचा शर्ट धरून उभी.

पहिला दगड खिडकीतून आला. काच हॉलभर. दुसरा केयाच्या कानाला घासून गेला. बाहेर गाड्यांचे दिवे, दहा-बारा माणसं.

"बाहेर काढा त्यांना!"

संग्राम जीव खाऊन ओरडला. "वी आर इंडियन! आम्ही त्यांच्यातले नाही! इथे कुणी ब्लॅक राहत नाही!"

बाहेर एकदम शांत...

मग वीट आली. कपाळावर. रक्त डोळ्यांत. पेटती बाटली पडद्याला लागली. केयाचा हात सुटला.

"केया!"



धूर. तो रांगत निघाला. तळव्यांत काचा. बाथरूमचं दार आतून बंद. आत एक बाई बोलली. इंग्रजीत, अगदी शांतपणे.

"मुलगी टबमध्ये आहे. तिथे दगड पोचत नाही. तू दार सोडू नकोस."

तो दाराला पाठ लावून बसला. हॉलमध्ये कुणाला तरी मारत होते. काठी... काठी... काठी. मार खाणारा ओरडत नव्हता. नुसता श्वास...

मग तोही नाही.

संग्रामने डोळे उघडले. काच शाबूत. पडदा जागच्या जागी. कपाळ कोरडं. त्याने बसल्या जागीच नर्सबाईंना फोन लावला.

"घर रिकामं आहे. मी खोटं बोललो. तुम्हाला हवं असेल तर तुमचंच आहे."

 "आय न्यू दॅट," नर्सबाई एवढंच म्हणाल्या.

पाठीमागे दाराची कडी निघाली.

केया टबमध्ये गाढ झोपली होती. एकटीच. आणि तिचे मोकळे केस... बारीक बारीक घट्ट वेण्या, ओळीने, डोक्याला चिकटून, ब्लॅक बायका घालतात तशा. एक केस सुटा नाही.

राधिकाने घरी त्या सोडवायला घेतल्या, तर दोन तास लागले. नुसत्या सोडवायला.

संग्राम दाराशी बसला होता जेमतेम वीस मिनिटं.