गाडी, ठिकाण, वार, सोबत

ऐन वेळेला तो मधे आला.

परळी स्टेशनच्या पुलावर शिवकांता अर्धा तास उभी होती, ओढणी डोक्यावर आणि मोबाईल दोन्ही हातांत. दोन हजार सोळाचा एप्रिल. ऊन असं की पुलाच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. पाण्यावाचून वीजकेंद्र बंद, म्हणून कोळशाच्या गाड्या बंद. ज्या काही गाड्या उरल्या होत्या त्यातली एक वळणावरून येताना इंजिनाचं तोंड आणि मागचा डोंगर एकाच फोटोत पकडायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. गाडी आली, तिनं बटण दाबलं, आणि फोटोत उतरली ती निळ्या चौकड्याच्या शर्टाची एक पाठ.

“अहो, तुमचे वडील काचवाले आहेत का?”

“शेतकरी हायेत,” तो मागं न बघताच म्हणाला. कठड्यावरून कमरेत वाकून तो खाली इंजिनाच्या छपराचे फोटो काढत होता. “एकच मिन्टं ताई... छप्पर इतक्या जवळून परत न्हाई दिसायचं.”

“इंजिनाचं टक्कल कोण बघतं हो?”

“ज्याला इंजिन करायचं असतं, तो.”

“करायचं म्हणजे?”

“पुठ्ठ्याचं,” असं म्हणून तो एकदाचा वळला. घामानं चेहरा निथळत होता, पण डोळे असे, की जत्रेत हवं ते खेळणं मिळालेलं पोर जणू. “उमापूरहून आलोय. माजलगावला एसटी बदलून.”

उमापूर म्हटल्याबरोबर शिवकांताच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे हाच तो लबाड!

त्याचं असं झालं होतं. शिवकांताचे मामा, बसवराज, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर झेंडी खाली ठेवली, पण शिट्टी काही सुटली नाही. त्यांनी रेल्वेवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्याला नियम घालून दिला. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहायच्या: गाडी, ठिकाण, वार आणि सोबत. सोबत कोण होतं ते लिहिल्याशिवाय फोटो चालणार नाही. कारण सरळ होतं. फोटो काढणाऱ्याचं लक्ष कॅमेऱ्यात असतं, तेव्हा रुळाकडे बघायला दुसरं माणूस हवं. एकट्यानं रुळाजवळ जायचं नाही, ही मामांची ताकीद. शिवकांतापुरती त्यांनी ती स्टेशनच्या पुलावर सैल केली होती, तेवढीच.

त्या ग्रुपवर कुणा बद्रीनाथानं एक फोटो टाकला. छोटंसं स्टेशन, लिंबाचं झाड, फलाटाला लागलेलं डिझेल इंजिन. ठिकाण: उमापूर. सोबत: कुणी नाही. आता उमापुरात रेल्वे नाही हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. लोक हसून मोकळे झाले, पण शिवकांतानं फोटो मोठा करून इंजिनाचा नंबर वाचला आणि लिहिलं, “खोटा फोटो. हे इंजिन त्या दिवशी परळीत होतं. माझ्याकडे पुरावा आहे.” मामांनी बद्रीनाथला आठवडाभर ग्रुपवर गप्प बसवलं.

“उमापूरचा तो खोटा फोटो तुमचाच ना?” तिनं विचारलं.

“म्हणजे तुमी... शिवकांता?” तो म्हणाला. “मला लाल सिग्नल देणाऱ्या?”

“आणि तुम्ही कॉम्प्युटरवर फोटो जोडणारे.”

त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला. तेच इंजिन होतं, तोच नंबर, तसाच गंजाचा ओघळ. फक्त या फोटोत ते इंजिन त्याच्या तळहातावर बसलं होतं.

शिवकांताला हसू आवरेना. “मॉडेल आहे असं लिहायचं ना मग!”

“लिहिलं असतं तर तुमी इतकं निरखून बघितलं असतं का?”

“आणि नंबर?”

“तुमच्याच फोटोवरून घेतलता,” तो जरा ओशाळला. “ग्रुपवर सगळ्यात साफ नंबर तुमच्या फोटोत असतोय.”

म्हणजे बाईसाहेब स्वतःच्याच फोटोशी भांडल्या होत्या! गाडी सुटली, पूल हादरला, आणि पायऱ्या उतरता उतरता तो हळूच म्हणाला, “ते मघाचं ताई... तेवढं परत घेतो.”

त्यानंतर फोटोंची देवाणघेवाण सुरू झाली. तिकिटाच्या खिडकीचे गज कसे असतात? सिग्नलची शिडी वर निमुळती होते का? शिवकांता सिरसाळ्याहून रोज परळीच्या कॉलेजात यायची. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. लेक्चर संपलं की स्टेशन गाठायची आणि फोटो पाठवायची. दोन दिवसांनी तीच खिडकी, तीच शिडी पुठ्ठ्यात उतरून परत यायची. आपण बघितलेलं कुणीतरी इतक्या जपून उचलून ठेवतंय, याची तिला सवय लागत गेली. फोन वाजला नाही की ती उगाच चार्जरला लावून बघे.

बद्रीनाथ गावच्या विकास सोसायटीत सचिवाच्या हाताखाली कामाला होता. पेरणीच नाही तर खत कोण नेणार? सोसायटीचं गोदाम रिकामं पडलेलं. चेअरमन सुंदररावांनी किल्ली त्याच्याकडे देऊन सांगितलं होतं, “उंदरं खेळण्यापरीस तू खेळ.”

“डबे कशाचे करता?” एकदा तिनं विचारलं.

“लग्नपत्रिकांचे. दुसरा इतका जाड कागद फुकट कुठं भेटतो? खिडकीतून आत बघितलं तर वधूवरांची नावं दिसतील. आमची सगळी गाडी वऱ्हाडाचीच हाय.”

मेमध्ये मामांनाच राहवेना. “ते काय हाय ते बघून येऊ,” म्हणत ते भाचीला घेऊन उमापूरला निघाले. एसटीतून दुतर्फा करपलेली रानं दिसत होती. माजलगावच्या धरणातसुद्धा भेगा पडलेल्या. शिवकांता खिडकीबाहेर बघत होती. आपण रेल्वे बघायला चाललोय की आणखी काही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

गोदामाचं दार उघडलं आणि मामांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्या तशा. समोर जुन्या दारांच्या फळ्यांवर, खऱ्यात कधी न झालेली, अख्खी लाईन पसरलेली. परळीचं स्टेशन, पूल, मधे सिरसाळा, माजलगाव, आणि शेवटी उमापूर. सिरसाळ्याच्या फलाटाजवळ एक इवलंसं दुकान होतं. पाटी: गुंडप्पा, सरकी व पेंड.

“हे आमचं दुकान!”

“तुमी पाठवलेल्या एका फोटोत मागं दिसलतं,” बद्री रुळ पुसत पुटपुटला. रुळ काही इतके मळलेले नव्हते.

त्याची आई, केशरबाई, पाणी घेऊन आल्या. टँकरच्या गावात पाहुण्याला अर्धा पेला देतात, हवं तर पुन्हा मागावं, उष्टं पाणी फेकायला लागू नये म्हणून. मामांना अर्धा मिळाला. आईच्या हातातला दुसरा पेला बद्रीनं घेतला, काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता शिवकांतापर्यंत आणला. केशरबाईंनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. शिवकांतानं पेला तळापर्यंत रिकामा केला. तहान इतकी नव्हती, पण तो पेला अर्धा ठेवणं तिला जमलंच नसतं.

मामांनी शिट्टी फुंकली, गाडी निघाली. सात डबे. शेवटी गार्डचा डबा नव्हता.

“माझा डबा कुठाय रे?” मामा रागावले.

“राहिलाय. बरी पत्रिका घावली न्हाई अजून.”

सगळं असं गोड चाललेलं असताना जूनच्या सुरुवातीला गुंडप्पांनी लेकीला दुकानात बोलावलं. माणूस कमी बोलणारा. ग्रुपवर मामांनी जबरदस्तीनं घातलेला, रोज सकाळी तिथं फुलांचे फोटो टाकून बोलणी खाणारा.

“रविवारी लातूरची मंडळी येणार हायेत,” ते म्हणाले. “पोरगा चांगला हाय. तुझ्या मनात कुणी असंल तर त्याच्या आधी मला नाव सांग. ऐकून घेईन. पाव्हणे येऊन गेल्यावर मात्र न्हाई. दारात आलेल्यांचा अपमान माझ्याच्यानं व्हायचा न्हाई.”

नाव तर ओठांवर होतं. पण ज्यानं अजून विचारलंच नाही, त्याचं नाव कुठल्या तोंडानं सांगायचं? तो मराठा, आपण लिंगायत. बाबांशी झगडायची तिची तयारी होती, पण झगडायला हातात काहीतरी हवं. तिनं फोन लावला.

बद्रीनं सगळं ऐकलं. मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, “मग... पत्रिका पाठवा. जाड कागदाची. गार्डचा डबा व्हईल.”

शिवकांताला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण ती गुंडप्पांची लेक. “पाठवते की. त्यावर नवरदेवाचं नाव काय छापायचं, तेवढं तुम्ही कळवा.”

“शिवकांता...” त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. “आमच्या आज्याच्या लग्नात म्हणत होते, पुढच्या साली वऱ्हाड रेल्वेनं येईल. आज्जा गेला, रेल्वे आली न्हाई. वायद्यावर जगणाऱ्या गावचा माणूस मी. पाऊस न्हाई, पीक न्हाई, सोसायटी कधी चालंल ठाव न्हाई. तुमाला कशाचा वायदा करू?”

“वायदा मागितलाय कोणी? मी एवढंच म्हणते, विचारा! हो का नाही ते मी बघेन. रविवारच्या आत विचारा.”

तिनं फोन ठेवला आणि मग रडली.

तिकडे सोसायटीची सभा भरली. गावात चारा छावणी उघडायची ठरलं. आसपासची जनावरं येणार, कडब्याचे ट्रक निघालेले, चारा ठेवायला जागा एकच. सगळे खाली बघत बसले, कारण गोदामात काय आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यातल्या कित्येकांच्या घरच्या पत्रिका त्या गाडीत होत्या. शेवटी बद्रीच उभा राहिला. “कावून थांबलाव? जनावरं उपाशी मरायलीत आन् आमी पुठ्ठा जपत बसायचं का? उद्या रिकामं करतो.” शिवकांताला हे मामांकडून कळलं. विचारायचं मात्र त्यानं काही विचारलं नव्हतं. शनिवार उजाडला.

दुपारी ती दुकानात पेंडीच्या पोत्यांशेजारी बसली होती. गुंडप्पा तराजू पुसत होते. आणि दोघांचे फोन एकदम वाजले.

बद्रीनं फोटो टाकला होता. मागं छपरापर्यंत कडबा. पुढं हातभर उरलेला रुळ, त्यावर गाडी उभी. आणि सगळ्यात शेवटी गार्डचा डबा! तिनं फोटो मोठा केला. डब्याच्या खिडकीतून आत पांढरा कागद दिसत होता, कोरा. एक अक्षर छापलेलं नव्हतं.

खाली लिहिलं होतं:

“गाडी: परळी–उमापूर, शेवटची फेरी. ठिकाण: सोसायटीचं गोदाम. वार: शनिवार. सोबत: आज कुणी नाही. पुढं जन्मभर शिवकांता असावी असं वाटतं. सगळ्यांसमोर विचारतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.”

पाचच मिनिटांत मामांचा संदेश आला. “हजर नसलेल्या व्यक्तीचं नाव सोबतमध्ये लिहिणे नियमात बसत नाही. संबंधित व्यक्तीनं खुलासा करावा.”

गुंडप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. फोटो बोटानं सरकवत राहिले. शिवकांता उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, रविवारच्या आत नाव सांग म्हणाला होतात. बद्रीनाथ. उमापूरचा.”

त्यांनी फोटो आणखी मोठा केला. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “हे कडब्याशेजारी दुकान कुणाचं ठिवलंय?”

तिनं वाकून बघितलं. सगळी स्टेशनं मोडून झाली होती. पूल गेला, परळी गेली, उमापूरही गेलं होतं. रुळाच्या कडेला फक्त ते इवलंसं दुकान तेवढं उभं होतं. गुंडप्पा, सरकी व पेंड.

“आपलं,” ती म्हणाली.

गुंडप्पांनी चष्मा काढून उपरण्याच्या टोकानं पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. “मी हो म्हणालो न्हाई अजून,” ते म्हणाले. “तुझी आई हाय, भाऊबंद हायेत. लई बोलणी खावी लागतील. पण लातूरला फोन करतो, उद्या येऊ नका म्हणून.” मग बाहेर उभ्या टेम्पोकडे बघत म्हणाले, “छावणीला नुसता कडबा पुरत न्हाई. पेंड लागती. सकाळी चार पोती घेऊन जाऊ. माणूस बघणं व्हईल.”

शिवकांतानं फोन हातात घेतला. मामा खुलाशाची वाट बघत होते, सगळा ग्रुप बघत होता, आणि तिकडे कडब्याच्या ढिगाला टेकून एक माणूस श्वास रोखून बसला असणार. तिनं नियमाप्रमाणे सगळं लिहिलं.

“गाडी: पेंडीचा टेम्पो. ठिकाण: उमापूर. वार: रविवार. सोबत: बाबा. येताना सोबत कोण असेल ते बाबा ठरवतील. जन्मभराचं मी ठरवलंय. पाणी भरून ठेवा.”