जेसीबीतली शेवंती

माझा चेहरा छापलेलं शाम्पूचं पाकीट तुम्ही पाहिलं असेलच. किराणा दुकानात माळ करून लटकवतात ना, त्यातलं. चहाच्या पुड्यावर मी हसते, सराफाच्या फलकावर गळाभर दागिने घालून हसते आणि टेनिस कोर्टवर मात्र बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवून घरी येते. मी स्नेहल. लोक मला टेनिसपटू म्हणतात. खरं सांगायचं तर टेनिसनं दिलं त्याच्या कितीतरी पट मला शाम्पूनं दिलं.

त्या दिवशी आम्ही शिरूरहून कवठे येमाईला निघालो होतो. माझ्या आजोबांचं गाव. तिथल्या यात्रेत माझा सत्कार होता. शेजारी माझी मॅनेजर समृद्धी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "खांदा दुखावलाय असं जाहीर करू. हो, सोमवारी खेळणार नाही."

माझा खांदा ठणठणीत होता. सोमवारी पुण्यातल्या एका स्पर्धेची पात्रता फेरी होती आणि समोर शाळेत जाणारी मुलगी. तिच्याकडून हरले तर शाम्पूवाले तोंड फिरवतील, अशी समृद्धीला भीती. त्यापेक्षा खेळायचंच नाही. मुंबईचा एक टीव्ही शो वर्षभराच्या शूटिंगसाठी बोलावतच होता. संध्याकाळपर्यंत मी 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की टेनिस संपलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि गाडी थांबली. पुढे यात्रेची गर्दी आणि रस्त्याच्या कडेला अर्धा रस्ता अडवून उभा एक जेसीबी. त्याच्या बकेटमध्ये माती नव्हती... फुलं होती! पिवळी, पांढरी शेवंती, काठोकाठ. मला राहवलं नाही. टोपी चढवली, मास्क लावला आणि उतरले.

एक तरुण बकेटपाशी उभा राहून फुलांवर पाणी शिंपडत होता. बाह्या वर दुमडलेल्या, केसांत एक पाकळी अडकलेली. त्याला पत्ताच नव्हता.

"एवढी फुलं कुणाच्या लग्नाला?" मी विचारलं.

"लग्न न्हाई, सत्कार हाय. त्या टेनिसवाल्या बाईंचा. जेसीबीचं बकेट वर न्यायचं आन् वरनं फुलं वतायची डोक्यावर."

"सगळी? जीव जाईल तिचा!"

"न्हाई जायचा. शेवंती हाय, दगडं न्हाईत." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, हे मी उगाचच पाहिलं.

"पण काय जिंकल्या त्या?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. "तुम्हाला बी ठाऊक न्हाई व्हय? मी सकाळपास्नं इचारतोय. हितले पोपटराव सरपंच म्हणले, गप फुलं आण. आईला इचारलं तर म्हणली, तिचे केस लई लांब हायत."

मास्कच्या आत मला हसू आवरेना. पण पुढे तो हळूच म्हणाला, "मला तर वाटतं, तिला बी कसंतरीच होत आसंल. कशापायी चाललंय हेच ठाऊक न्हाई, आन् वरनं फुलं पडायल्यात... एकटं वाटत आसंल बाईला."

माझं हसू तिथेच विरलं. इतकी वर्षं लोकांनी माझी खिल्ली उडवली होती, माझ्यासोबत सेल्फी काढले होते, पण मला कसं वाटत असेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डोळे भरून यायला लागले म्हणून मी घाईघाईनं फुलांकडे बघितलं.

"यातलं एक... मिळेल?"

"बाईंची फुलं हायत."

"एक कमी झालं तर कळणार आहे का त्यांना?"

"त्यांना न्हाई. मला कळंल." असं म्हणाला खरा, पण बकेटमध्ये हात घालून, दोन फुलं नाकारून, तिसरं पिवळंधमक त्यानं उचललं. "घ्या. मळा आमचाच हाय, तळेगाव ढमढेऱ्यात. मी सुदर्शन. आन् तुम्ही?"

त्याची ओली, गार बोटं माझ्या बोटांना लागली आणि नेमकं तेव्हाच मागून समृद्धी ओरडली, "मॅडम!"

"मॅडम," मी म्हटलं आणि पळाले.

गावात हलगी कडकडत होती. कुस्त्यांच्या आखाड्याला लागूनच स्टेज. लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, म्हणजे जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, नुकत्याच झालेल्या, तोंडात रेवडी आणि अंगभर लाल माती घेऊन पोरं इकडून तिकडे पळत होती. मी मास्क काढला, टोपी काढली आणि ती शेवंती केसांत खोवली. पोपटराव माइकवर गरजले, "जगात डंका वाजवणाऱ्या, विश्वविजेत्या, आपल्या मातीतल्या स्नेहलताई!"

विश्वविजेत्या! मी मान खाली घातली. जेसीबीचं बकेट घरघरत माझ्या डोक्यावर आलं आणि फुलांचा पाऊस सुरू झाला. मी वर पाहिलं. बकेटच्या काठाला टेकून सुदर्शन ओंजळी भरभरून फुलं टाकत होता. त्याची नजर माझ्या केसांतल्या फुलावर गेली, मग माझ्या चेहऱ्यावर... आणि भरलेली ओंजळ तशीच हवेत राहिली. बिचाऱ्याचे कान लालबुंद झाले.

समृद्धीनं लिहून दिलेलं भाषण मला पाठ होतं. पण वरून ते दोन डोळे बघत असताना ते तोंडातून निघेना.

"पोपटरावांनी फार कौतुक केलं," मी म्हणाले. "पण मी विश्वविजेती नाही. मी... मी काहीच मोठं जिंकलेलं नाही. बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत हरते. तुम्ही मला शाम्पूमुळे ओळखता."

हलगीसुद्धा थांबली. पोपटरावांनी घाम पुसला. तेवढ्यात आखाड्याच्या कडेला बसलेले हौशीराम आप्पा काठी टेकत उठले. एके काळचे पैलवान, यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच. कान दुमडलेले, आवाज खणखणीत.

"पोरी, ते ऱ्हाऊ दे. पुढची कुस्ती कवा हाय?"

हरलेल्या पैलवानाला ते हेच विचारतात, हे मला नंतर कळलं. त्यात ना टोमणा होता ना कीव. सगळा गाव उत्तरासाठी माझ्याकडे बघत होता. समृद्धी स्टेजच्या कोपऱ्यातून जोरजोरात मान हलवत होती. नाही, नाही, नाही.

"सोमवारी," मी म्हणाले. "पुण्यात."

"मग झालं तर! मार मैदान. पोरांसारख्या तुझ्या बी रेवड्या काढून ठेवतो. जिंकलीस की पाठवीन." आणि आप्पांनी हलगीवाल्याला हात केला. समृद्धीनं कपाळाला हात लावला आणि टीव्हीवाल्यांना 'नाही' कळवायला फोन काढला.

गर्दीतून गाडीकडे जाताना सुदर्शन आडवा आला. "मघाशी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर फूल दिलं असतंत?"

"एक न्हाई दिलं आसतं." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पाटीभर दिली आसती."

मला काय झालं कोण जाणे. फुलं झटकायचं सोडून मी तिथेच त्याच्याकडे बघत उभी राहिले.

सोमवारी कोर्ट सगळ्यात कोपऱ्यातलं मिळालं. ना कॅमेरे, ना फलक. बाकांवर चार-सहा माणसं. समोरची मुलगी चपळ होती, पहिला सेट तिनं घेतला. दुसरा मी कसाबसा ओढला. तिसऱ्यात पाय शिशासारखे जड झाले. खांदा दुखतोय म्हणून सोडून द्यावं, असं क्षणभर खरंच मनात आलं. तेवढ्यात बाकांवरून आरोळी आली, "भले शाब्बास! धरून ऱ्हावा!"

पंचांनी डोळे वटारले. "कृपया शांतता राखा."

मी वळून पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कागदाची पुडी. सुदर्शननं जीभ चावली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. शेवटचा चेंडू पडेपर्यंत ते हात त्यानं काढलेच नाहीत.

जिंकले मी! पात्रता फेरीतला एक साधा सामना, ज्याची बातमी कुठेही आली नाही. त्या मुलीशी हात मिळवताना मी लहान पोरीसारखी रडत होते. समृद्धी धावत आली, तिनं मला घट्ट मिठीत घेतलं. मग सुदर्शनकडे बघून, पाणी आणते म्हणून शहाण्यासारखी निघून गेली.

त्यानं पुडी पुढे केली. "आप्पांनी पाठवल्यात. जिंकली तरच द्यायच्या, म्हणले."

"तुमच्याच हाती का?"

"मीच... मागून घेतल्या."

मी पुडी उघडली. तिळाच्या रेवड्या. "आणि फूल?"

"न्हाई आणलं. मुद्दाम." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "तवाचं फूल सत्काराचं व्हतं. आवंदा... म्हंजी या येळंला तुम्ही मळ्यात यायचं, आन् आपल्या हातानं खुडायचं. आईला सांगून ठेवलंय. मला... मला लई आवडता तुम्ही. शाम्पूवाल्या न्हाई. त्या मास्कवाल्या."

माझ्या छातीत हलगी वाजायला लागली. मलाही तो आवडत होता, त्या ओल्या गार बोटांपासून आवडत होता, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो इतका गोंधळला की रेवडीची पुडी परत स्वतःच्याच हातात घेऊन उभा राहिला.

"पण उद्या माझा पुढचा सामना आहे," मी म्हणाले.

"मग परवा या."

"उद्या जिंकले तर परवाही सामना."

"मग जिंका की! शेवंती झाडावर थांबती चार दिस." त्यानं एक रेवडी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि हात मात्र लगेच मागे घेतला नाही. "आन् मी बी थांबतो."