लाल नेसणारी होंसा

ब्रह्मदेशातल्या मोन लोकांच्या मुडोनमध्ये वारा सुटला की बायका आधी दोरीकडे धावतात. होंसाही धावली, पण त्या सकाळी तिला उशीर झाला. नुकतीच धुतलेली तिची लाल थमेन दोरीवरून सुटली, बांबूच्या कुंपणावर क्षणभर फुगली आणि गल्लीतून सायकल ढकलत चाललेल्या एका तरुणाच्या डोक्यावर अलगद जाऊन बसली.

गल्ली थिजली. बाईच्या कमरेच्या वस्त्राखालून पुरुष साधा चालतसुद्धा नाही. तेज उतरतं म्हणतात. इथं तर ते ओलंचिंब वस्त्र त्याच्या हनुवटीपर्यंत उतरलं होतं.

आतून आवाज आला, "अहो... बाहेर कोणी आहे का? मला सगळं लालच दिसतंय."

होंसानं ओठ दाबून हसू आवरलं. "हलू नका! ओढलंत तर काठ उसवेल."

"काठाची एवढी काळजी? आणि माझ्या तेजाची?"

"आधी होतं का?"

थमेन बाजूला झाली. ओले केस, भुवयांवरून ठिबकणारं पाणी, आणि रागाचा मागमूस नसलेले डोळे. होंसाच्या गालांवर थनाकाच्या सालीचा पिवळट लेप होता म्हणून बरं; नाहीतर गाल तापलेले त्याला तिथंच दिसले असते.

तेवढ्यात तिची आई बाहेर आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! परक्याच्या लेकराचं डोकं बाटवलंस!" तिनं त्याला हाताला धरून विहिरीशी बसवलं आणि शिकेकाईच्या पाण्यानं त्याचं डोकं खसाखसा चोळायला घेतलं. चोळता चोळता चौकशीही झाली. नाव थुरा. गाव वर उत्तरेला, अमरपुरा. धंदा, हातमागाच्या फण्या बनवून बसवायच्या. मुडोनच्या विणकरांनीच बोलावलंय.

"म्हणजे मोन नाही, बर्मी," आई म्हणाली, आणि उरलेलं पाणी जरा जोरातच ओतलं.

गल्लीत माग पुष्कळ, पण थुराचं काम होंसाच्या ओसरीवरच का रेंगाळतंय हे कोणाला कळायचं राहिलं नाही. नवी फणी बसवून झाली तरी तो ती पुन्हा काढी.

"एवढी वाकडी आहे का हो?" होंसा विचारी.

"फणी सरळ आहे. माझंच चित्त थाऱ्यावर नाही."

"त्याला कुठली फणी बसवायची?"

"तेच तर शोधतोय..."

होंसा धोटा फेकी. लाल ताण्यातून तो सुळकन जाई, सुळकन येई. थुरा बघत राही. त्याच्या गावात रेशमावर लाटा विणतात. गुलाबी, हिरव्या, सोनेरी, एकीच्या कुशीत दुसरी. त्याची आईही तेच विणते.

"आमच्याकडे एका मागावर शंभर-शंभर धोटे," एकदा तो ऐटीत म्हणाला. "आणि तुमच्या सणाला बघावं तर जिकडेतिकडे लाल. सगळ्या पोरी सारख्या!"

धोटा थांबला. "सारख्या दिसतो कारण आम्ही एकमेकींच्या आहोत," होंसा म्हणाली. "ते विणकाम नाही, को थुरा. ते आमचं नाव आहे."

तो वरमला. मग हळूच म्हणाला, "चुकलो. आमच्याकडे रस्त्यात लोक थांबतात ते थमेन बघायला. इथं मी थांबलो तो... नेसणारीला बघायला."

होंसानं मान खाली घातली. त्या दिवशी तिनं विणलेल्या पट्टीत दोन धागे चुकले, आणि तिनं ते उसवले नाहीत.

आईला ते दोन धागे दिसले. "बर्मीबद्दल माझ्या मनात आकस नाही," ती संध्याकाळी भात वाढताना म्हणाली. "पण तुझी मावशी मंडालेला बर्मी घरात दिली. मागे आली तेव्हा तिच्या पोरींना मी लाल थमेन दाखवली. काय म्हणाल्या माहितीये? 'मोठीआई, हे कुठल्या नाटकातलं गं?'" आईचा आवाज चिरला. "नाटकातलं म्हणे!"

होंसानं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं थेट विचारलं. "समजा... नुसतं समजा हं... एखादी मोन मुलगी तुमच्या घरी आली. तिनं काय नेसायचं?"

थुरा खोटं बोलला असता तर सोपं होतं. पण तो म्हणाला, "आई लाटांची थमेन पुढे करेल. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणतील. आणि मी... मला माहीत नाही, होंसा."

"माहीत करून घ्या," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काम संपलं होतं. तो गावी गेला. नवी फणी अगदी मऊ चाले, एक धागा अडकत नसे. होंसाला तिचा भारी राग येई.

माघातली पुनव सरली आणि मोनांचा राष्ट्रदिन आला. मैदानावर लालच लाल पसरलं. पांढरं पोलकं, लाल थमेन, डाव्या खांद्यावरून शेला, अंबाड्यात फुलं. होंसा बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे होती. पावलं वाजत होती, ढोल घुमत होते, आणि तिला खरंच वाटलं की आपण एकटी नाहीच. मागच्या सगळ्याजणी मिळून आपण एक आहोत. हसू आपोआप ओठांवर आलं.

ते हसू तसंच अर्धं राहिलं. झेंड्याच्या खांबाशी थुरा उभा होता. खांद्याला हत्यारांची पेटी, बगलेत बिछान्याची वळकटी.

रांग सुटल्यावर तो पुढे आला आणि, होंसाची आई शेजारी आहे हे पाहूनही, मोन भाषेत एक वाक्य म्हणाला. नक्कीच घोकून आला होता. बायकांमध्ये खसखस पिकली. आईनं शेला तोंडाला लावला.

"काय म्हणालो मी?" त्यानं घाबरून विचारलं.

"चारचौघांत सांगायची सोय नाही," होंसा म्हणाली.

"मग बर्मीत सांगतो. मावशी, तुम्हीही ऐका." त्यानं पेटी खाली ठेवली. "तिनं माझ्या घरी काय नेसायचं, याचं उत्तर मला सापडलं नाही. म्हणून मी तिला न्यायला आलो नाही. राहायला आलोय. फण्या कुठंही करता येतात. मुलं झाली तर ती तुमच्या अंगणात मोन बोलतील, आणि मला हसतील. माझं प्रेम आहे हिच्यावर. हो म्हणा, नाही म्हणा... वळकटी मी इथं उलगडणारच आहे."

"आणि तुझी आई?" आईनं करड्या आवाजात विचारलं.

"रडली. मग म्हणाली, सून बघायला भात-सुगीनंतर येते."

आईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "किती वाळलास रे," ती शेवटी म्हणाली. "जा, थमने खाऊन घे. आणि ते वाक्य परत कोणापुढे बोलू नकोस!"

थमने म्हणजे तीळ, आलं, खोबरं घालून घोटलेला चिकट भात; त्याची कढई अजून वाफाळत होती. थुरा पानावर भात घेऊन बाकावर बसला. होंसा समोर उभी राहिली.

"थुरा," ती म्हणाली. आज नावाआधीचा आदराचा 'को' गळून पडला होता. "मला लाटा विणायला शिकायच्यात."

तो चमकला. "अगं, पण मी तर तुझ्यासाठी..."

"माहितीये. कोणी लाटांची थमेन बळंच नेसवली असती तर मी नेसले नसते. आता माझं मलाच वाटतंय. तुझ्या आईसमोर एक तरी लाट विणून दाखवायचीय." तिनं शेल्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "जमेल मला एकटीला?"

"एकटीला नाही जमत," थुरा म्हणाला. "एवढे धोटे एका माणसाला आवरत नाहीत. लाटेला दोघं लागतात, एका मागावर... शेजारी शेजारी."

होंसानं एकदा आईकडे पाहिलं. आई मुद्दाम पाठ करून कोणाशी तरी बोलत होती.

"मग सरक जरा," होंसा म्हणाली, आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.