काढा नव्हे, अर्क

पडद्यांची मापं घेत ती शहरभर हिंडायची, आणि कुठल्या रस्त्यावर कुठलं स्वच्छतागृह उघडं असतं हे तिला तोंडपाठ होतं. तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, चार वर्षांपासूनची. कळ आली की मिनिटभराची सवड मिळायची, फार तर दोन. त्या दुपारी कळ आली ती नेमकी एका अनोळखी इमारतीसमोर. दारात पांढरा कोट घातलेला एक चष्मेवाला तरुण उभा होता, हातात झाडाच्या सालींनी भरलेली पिशवी.

"टॉयलेट?" तिनं एवढंच विचारलं.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पिशवी तिथंच टाकली आणि खिशातलं कार्ड दाराला लावलं. "डावीकडे, दुसरं दार. पळा!"

ती बाहेर आली तेव्हा तो फरशीवर सांडलेल्या साली गोळा करत होता. शरमेनं तिचे कान तापले. तीही खाली बसून साली वेचू लागली.

"तुम्ही... काही विचारणार नाही?"

"विचारतो ना. माझी एक साल तुमच्या पायाखाली आहे. पाय उचलता?"

तिला हसू फुटलं. कळ येऊन गेल्यावर ती हसली, असं आजवर झालंच नव्हतं.

वरच्या मजल्यावर त्याची प्रयोगशाळा होती. त्या सालींतलं एक द्रव्य आतड्याची सूज उतरवतं का, हेच तो तपासत होता. बरोबरीचे लोक त्याला 'काढेवाला' म्हणून चिडवायचे.

"काढा नव्हे, अर्क," तो वैतागून म्हणायचा. "आणि त्यातलंही मला एकच द्रव्य हवंय. बाकीचं गाळून टाकतो."

आठवड्यानं ती टेप घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. "पडदे हवेत का?"

"नकोत. पण मापं घ्यायला हरकत नाही."

"खिडक्या किती?"

"सहा. रोज एक घेतलीत, तर आठवडा सहज निघेल."

तिसऱ्या खिडकीला तिनं त्याला आजाराचं सगळं सांगितलं. रक्त पडणं, गोळ्यांनी सुजलेला चेहरा, अर्ध्यात सोडलेली लग्नाची पंगत... त्यानं अरेरे केलं नाही. तो फक्त टेपचं दुसरं टोक धरून ऐकत राहिला. सहाव्या खिडकीपर्यंत दोघं अरे-तुरेवर आली होती, आणि मापं कशीबशी संपल्यावरही ती येतच राहिली.

एके दिवशी तो जिन्यातच भेटला, चेहरा नुसता फुललेला. "उंदरांची सूज उतरली! बारापैकी नऊ जणांची!"

ती हळूच म्हणाली, "मला दे ना थोडं."

"नाही."

"झाडाचंच तर आहे."

"झाडाचं विषही असतं. माणसाला किती द्यायचं, यकृताचं काय होतं, काहीच माहीत नाही अजून."

"म्हणजे मी तुला उंदराइतकीही नाही?"

"उंदीर मेला तर मी वहीत लिहितो." त्याचा आवाज चढला. "तुझं काय लिहू?"

ती पाय आपटत निघून गेली. त्याचे फोन तिनं घेतले नाहीत. मावशीनं कुठूनशी एक पूड आणली होती, 'झाडपाल्याची आहे, अपाय नाही' म्हणून. तिनं तीच सुरू केली आणि रागाच्या भरात डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबेना, तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. सलाईन लागल्यावर तिनं त्याला दोन ओळी लिहिल्या: 'गोळ्या सोडल्या होत्या. चुकलं.'

तो अंगातला कोटही न काढता आला. आधी पुडीचं पाकीट मागून घेतलं, डॉक्टरांना दाखवून आला आणि मग खाटेशी उभा राहिला. तो रागावेल, याची ती वाट पाहत होती.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "तू गेलीस त्यानंतर दोन दिवस मी त्या द्रव्याची बाटली खिशात घेऊन फिरलो. तुझ्या पडद्यांच्या दुकानापर्यंत आलो होतो..."

"मग?"

"परत नेऊन ठेवली. उंदरांना आम्ही ते टोचतो. गिळलं तर पोटातच मोडून जातं, हे परवा कळलं. आतड्यापर्यंत पोचवायची वाट शोधायला अजून वर्षं जातील."

"म्हणजे दिलं असतंस तरी उपयोग नव्हता?"

"नसेलही. किंवा भलतंच काही झालं असतं. मला माहीत नव्हतं, म्हणून दिलं नाही. पण तुझ्यासाठी मी नियम मोडायला निघेन... हे मात्र कळलं."

तिनं मान खिडकीकडे वळवली. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

"उद्या ताई येतेय," ती तिकडेच पाहत म्हणाली. "तुला कोण म्हणून सांगू?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांग, याच्याकडे औषध नाही. पण हा रोज येणार आहे."

"रोज?"

"तू घरी गेलीस तरी. नंतरही... तू म्हणशील तोवर."

तिनं सलाईनचा हात जपत दुसऱ्या हातानं पांघरूण बाजूला केलं आणि खाटेवर जागा करून दिली.

"मग बस ना. उभा काय राहिलायस?"