हाव आलीय... बोलाल ना?

"हलू नका," मागून आवाज आला. "अजिबात हलू नका."

मी जिन्यात जागच्या जागी थिजले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या... बाहेर पावसाची भुरभुर चालली होती आणि जिन्याच्या काचेतून मऊ, दुधी उजेड आत येत होता.

"तुमची पिन सुटलीय."

पिन कसली, माझी अब्रूच ती! पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यापासून माझे सगळे कपडे मला ढगळ झाले होते, आणि नवे घ्यायचा धीर होत नव्हता. न जाणो, पुन्हा जाड झाले तर? म्हणून जुन्या पँटला कमरेशी पिना मारून मी दिवस ढकलत होते.

त्याने आपल्या कॉलरमागून एक पिन काढली, मान भिंतीकडे वळवली आणि हात पुढे केला. त्या वळवलेल्या मानेवर मी तिथल्या तिथे भाळले. खोटं कशाला सांगू?

"कॉलरमध्ये पिना घेऊन फिरता?"

"शिंपी आहे मी."

"आणि बायकांच्या पँटकडे बघत जिने चढता?"

"मी – मी शिवणीकडे बघत होतो!" तो कानापर्यंत लाल झाला.

आम्हाला जायचं होतं एकाच खोलीत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर आमच्यासारखेच सगळे. ऑपरेशन होऊनही खाण्याचं व्यसन न सुटलेले. "ऑपरेशन पोटाचं झालंय, मनाचं नाही," गट चालवणाऱ्या ताई म्हणायच्या. पोटात चार घास मावायचे, मन मात्र अख्खा केक मागायचं. तिथे कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, अशी रीत. मी झाले चिमणी, कारण आई हल्ली मला तेच म्हणायची. तो अर्थातच मास्तर. दुसरी रीत अशी, की प्रत्येकाला फोनचा एक जोडीदार. हाव आली की खाण्याआधी त्याला फोन लावायचा आणि ती ओसरेपर्यंत बोलत राहायचं. ताईंनी माझी जोडी मास्तरशी लावली. जगात देव आहे, अशी त्या दिवशी माझी खात्री पटली.

पहिला फोन मी केला तो अगदी खरा. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे डॉक्टरांच्या वाढदिवसाचा केक आला आणि माझी नजर त्यावरून हलेना. मी फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन घरघरत होतं, ते एकदम थांबलं.

"हाव आलीय... बोलाल ना? समोर केक आहे."

"बोलतो. आधी केककडे पाठ करा. आता काय दिसतंय?"

"खिडकी."

"आणि खिडकीत?"

"ढग..."

"मी आत्ता एका नवरीच्या झग्याला अस्तर लावतोय. त्याचा रंग नेमका ढगासारखाच आहे. हात फिरवला ना, की सुळकन निसटतो..."

तो बोलत राहिला, हळूहळू, झोपेत बोलावं तसा. मी भानावर आले तेव्हा बाकीच्यांनी केक संपवला होता आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

दुसरा फोन केला तेव्हा हाव नव्हती.

तिसरा केला तेव्हाही नव्हती. मला ते मशीन थांबलेलं ऐकायचं होतं. कुणीतरी माझ्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवतंय... त्या शांततेत मी दिवसभर तरंगत राहायचे. बोलण्याच्या ओघात एकदा घराचा पत्तासुद्धा सांगून बसले.

"आज कशाची हाव?"

"बिस्किटांची," मी तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे.

"कालही बिस्किटंच होती."

"मग... लोण्याची."

"नुसत्या लोण्याची?" तो हसायचा. "चिमणी की मांजर?"

"गालावर ही लाली कसली गं?" आई दारातून विचारायची. "हावेने माणूस असं गुलाबी होतं होय?"

अन् मग तो बुधवार उजाडला. गोलात मास्तर मान खाली घालून बसला होता. डोळे सुजलेले.

"काल मी घसरलो," तो म्हणाला. "केक आणला, दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि खात सुटलो. घाम फुटला, छाती धडधडायला लागली... मरतो की काय असं वाटलं."

"जोडीदाराला फोन का नाही केला?" ताईंनी विचारलं.

"ती बिचारी रोजच हावेशी झुंजते. तिच्यावर आणखी माझं ओझं कशाला?"

मी मजेत 'लांडगा आला' करत बसले होते, आणि लांडगा खरोखर आला तो त्याच्या दारात. गप्प बसले असते तर तो माझाच राहिला असता, उद्याही मशीन थांबवलं असतं. आणि पुन्हा कधी एकटाच शटर ओढून बसला असता.

मी उभी राहिले. "मी रोज झुंजत नव्हते. पहिला फोन खरा होता, बाकीचे बरेचसे खोटे. मला... मला फक्त यांचा आवाज ऐकायचा होता."

ताईंनी हातातली वही मिटली.

"हाव घर बदलते, चिमणी," त्या म्हणाल्या. "पोटातून उठते आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटते. ही तशीच नाही कशावरून?"

"माहीत नाही, ताई. पण खाऊन झालं की मला तोंड लपवावंसं वाटायचं. यांच्याशी बोलले की तसं वाटत नाही."

ताईंनी जोड्या बदलल्या. मला मिळाले गुलाबवेडे काका, मास्तरला एक काकू. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, छत्री उचलली आणि निघून गेला. रागावला होता, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मधे एकदा खरी हाव आली. मी मुकाट्याने काकांना फोन लावला आणि त्यांच्या गुलाबांवरच्या किडीची कहाणी ऐकत बसले. हाव ओसरली. डोळ्यांतलं पाणी मात्र ओसरेना.

रविवारी दुपारी आई वामकुक्षी घेत होती, बाहेर पाऊस लागला होता. फोन वाजला. मास्तर!

"हाव आलीय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. हाव आली की मी काकूंना फोन करतो."

"बरं..."

"तुला फोन करायला मला आता काही कारणच उरलं नाही. चार दिवस शोधत होतो."

"सापडलं?"

"नाही ना. म्हणून तसाच केला."

त्याच्या मागे मशीन नव्हतं, नुसता पाऊस होता.

"अजून रागावला आहात?"

"आहे थोडा. त्या दिवशी शटर ओढलं तेव्हा तुझाच नंबर काढून बसलो होतो. तुला त्रास नको म्हणून फोन ठेवून दिला. यापुढे मी तसं करणार नाही. पण तूही जे असेल ते खरं सांगायचं."

"आत्ता सांगू?"

"सांग..."

"मला तुम्ही आवडता. पोट भरलेलं असतानासुद्धा."

पलीकडे छत्री मिटल्याचा आवाज आला.

"मग फोन ठेव," तो हळूच म्हणाला, "आणि दार उघड. केव्हाचा उभा आहे... बेल दाबायचा धीर होत नाही मला."